हो, नको, लागेल तेव्हा

बाबा आजकाल चहा अर्धा कप मागतात. "पूर्ण नको गं, पित्त होतं," म्हणतात. पित्त त्यांना आयुष्यात कधी झालेलं नाही. भरलेला कप उचलला की तो बशीत हिंदकळतो, एवढंच. अर्धा कप देते, आणि ते तो दोन्ही हातांनी धरून पितात, थंडीत हात शेकत बसल्यासारखे.

मी बघत असते. ही माझी लहानपणापासूनची खोड. कुणी नेहमीपेक्षा कमी वाढून घेतलं, कुणाचा आवाज जरा चढला, तर माझ्या नजरेतून सुटत नाही. कोपऱ्यात बसून मांजरीसारखी टुकूटुकू बघते म्हणून बाबांनी माझं नाव मनी ठेवलं, ते अजून सुटलेलं नाही. आणि मूल झाल्यावर तर ही खोड हाडात मुरली. ढमी झोपली की मी तिच्या पोटाकडे बघत बसते, वर-खाली होतंय ना म्हणून. ढमी म्हणजे माझी लेक. खरं नाव चांगलं लांबलचक आहे, पण गालांकडे पाहून कुणालाच ते आठवत नाही.

आई गेल्यापासून बाबा आमच्याकडे असतात. ढमी झाली तेव्हाच न बोलता ठरून गेलं होतं, की माझी रजा संपली की तिला बाबा सांभाळतील. मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, औषधाने थोडा आवरेल, जाणार मात्र नाही. हात टेकलेला असला की गप्प, काही करायला उचलला की थरथर.

एकदा ते तिला पेज भरवत होते. चमचा वाटीच्या काठावर किणकिणत होता. ढमीला तो आवाज आवडला, ती खिदळली. मला नाही आवडला. तेव्हापासून बाबांनी हात पुढे केले की माझ्याकडे काहीतरी कारण निघतंच. "आत्ताच दूध प्यायलीय, उलटी करेल." "थांबा, लंगोट बघते तिचा." बाबा हात मागे घेतात आणि खिशात घालतात. भांडण नाही, अबोला नाही. फक्त खिसे.

सोमवारी मला कामावर हजर व्हायचं होतं. मागच्या गल्लीतल्या पाळणाघरात मी गुपचूप जाऊन आले. तिथल्या ताईंनी एक जागा धरून ठेवली होती, पण सोमवारी सकाळी नक्की काय ते सांगा म्हणाल्या.

"बाबांशी बोल," नवरा म्हणाला.

"तू बोल की."

"माझे सासरे आहेत ते. मी काय सांगू, तुमच्या हातात पोर देत नाही म्हणून?"

"मग मी काय सांगू?"

"तुझे वडील आहेत ते."

एवढं शहाणपण सांगून तो अंघोळीला गेला.

शनिवारी सकाळी बाबांचा फोन वाजला. बाबा जवळच्या अंध मुलांच्या शाळेत निवृत्तीनंतर फुकट काम करतात. तिथल्या ब्रेल छापखान्याच्या बाईंचा संगणक त्यांच्याच हातचा. बाई स्वतःही अंध आहेत, आवाज खणखणीत. फोन स्पीकरवर नसला तरी ऐकू येतो.

"काका, तुमच्या नव्या कर्नलची वाचा बसलीय."

"म्हणजे?"

"म्हणजे मुका आहे. सुरू होतो, नवी ब्रेलची पाटी लागलीच चालते, बोटांखाली टिंबं उठतात, छान. पण तोंडातून शब्द नाही. जुना लावला की बोलतो, पण त्याला नवी पाटी ओळखू येत नाही. एक मुका, एक आंधळा. मी एकटीच पुरेशी आहे की हो आंधळी."

"स्पीकरची वायर सैल असेल."

"वायर मी दातांनी ओढून पाहिली. घेऊन जा घरी आणि सोमवारी मुलं यायच्या आत बोलता करून द्या. नाहीतर तुम्हालाच शेजारी बसून वाचून दाखवावं लागेल."

नवऱ्याने टॅक्सीतून ती संगणकाची पेटी आणली. सोबत पडदा नव्हता. बाईंना पडदा काय करायचाय? आमचाच जोडला. जेवणाच्या टेबलावरचं मीठ, पाण्याचा जग, ढमीच्या बाटल्या, सगळं एका कडेला सरकवलं आणि बाबा खुर्ची ओढून बसले. नवरा नंतर त्याच्या कामाला गेला.

ज्यांना यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. संगणकाच्या पोटात एक कारभारी असतो, त्याचं नाव कर्नल. पडदा, कीबोर्ड, आवाज, छपाई, सगळ्यांशी तोच बोलतो. कुणाकुणाशी बोलायचं हे त्याला घडवतानाच सांगावं लागतं, आणि असे प्रश्न हजारोंनी असतात. काळ्या पडद्यावर नुसत्या अक्षरांत ते सोडवायला लोक बिचकत. म्हणून बाबांनी नोकरीत असताना आपल्या कंपनीतल्या माणसांसाठी एक खिडकी लिहिली होती. डावीकडे विषयांच्या फांद्या, उजवीकडे प्रश्न, खाली समजुतीच्या दोन ओळी, आणि प्रत्येक प्रश्नाआधी एक चिमुकला चौकोन. चौकोनात बरोबरची खूण म्हणजे हो. रिकामा म्हणजे नको. आणि नुसतं टिंब असेल तर लागेल तेव्हा, म्हणजे तो भाग बाजूला तयार ठेवायचा आणि गरज पडली की बोलवायचा. माउसने एकदा टिचकी मारली की चौकोन पुढच्या उत्तरावर जातो, आणखी एकदा मारली की त्याच्या पुढच्या; जिथे हो आणि नको अशी दोनच उत्तरं, तिथे परत पहिल्यावर.

मी वाचायला शिकले ती या खिडकीत. बाबांच्या मांडीवर बसून. "मने, कारभाऱ्याला आवाज हवा का गं?" "हो." मग माझ्या हातावर हात ठेवून ते टिचकी मारू देत. मग मी माझ्या मनाने आणखी पाच-सहा टिचक्या मारत असे, जिथे चौकोन दिसेल तिथे. बाबा हसत. मी झोपायला गेले की ते सगळ्या परत फिरवत असणार. मी एकही संगणक कधी बिघडवलेला नाही, असं मला चांगली मोठी होईपर्यंत वाटत होतं.

तर बाबांनी ती खिडकी उघडली. मी ढमीला कडेवर घेऊन मागे उभी राहिले.

"आवाजाला खूणच नाहीये," बाबा पुटपुटले. "मी तर हात लावला नव्हता तिथे. मी खालच्या ओळीत गेलो होतो, पाट्यांच्या आणि कीबोर्डांच्या. नव्या पाटीसाठी."

त्यांनी माउस धरला. पडद्यावरचा बाण पाण्यातल्या काडीसारखा हलायला लागला. चौकोन नखाएवढा, बाण त्याच्याभोवती नाचतोय. बाबांनी श्वास रोखला, मनगट टेबलावर दाबलं आणि टिचकी मारली. खूण आली. तेवढ्यात बोट पुन्हा आपटलं. खूण गेली. त्यांनी चिडून हात उचलला, बाण खाली घसरला, बोट तिथेही आपटलं. आता पाट्यांच्या ओळीतली खूण गेली.

त्यांना आवाजाचं कळलं. खालचं कळलं नाही, चष्मा पुसत होते.

मला दोन्ही दिसलं. गेल्या आठवड्यात शाळेत काय झालं असेल तेही दिसलं. टिचकी खालच्या ओळीत मारायची होती, ती आधी वर पडली. बाईंच्या कारभाऱ्याची वाचा अशी गेली होती.

मी काहीच बोलले नाही, पण माझं न बोलणं बाबांना पाठ आहे. ते चष्मा घालून वळले.

"दिसलं ना तुला?"

"काय?"

"मने."

"खालच्या ओळीतलीही खूण गेलीय," मी म्हटलं.

ते पडद्याकडे बघत राहिले. मग माउस त्यांनी हळूच बाजूला सरकवला, उष्टी ताटली सरकवावी तसा. "म्हणजे बाईंना मीच मुकं केलं. आणि मी वायरला दोष देत होतो."

ढमीने माझी वेणी ओढली. मी ती सोडवून घेत होते तेव्हा बाबा त्याच आवाजात म्हणाले, "पाळणाघरातून फोन आला होता परवा. तू अंघोळीला होतीस."

माझे हात थांबले.

"दूध किती कोमट लागतं विचारत होत्या. मी सांगितलं, मनगटावर थेंब टाकला की कळूच नये असं. आणि झोपताना तिला उजव्या कुशीवर आवडतं. आणि लाल झबलं घालू नका, त्याची शिवण टोचते तिला." त्यांनी हात खिशात घातला. "चांगल्या वाटल्या बाई. नीट विचारत होत्या."

"बाबा, मी सांगणारच होते."

"सांगायचं काय त्यात? तू आई आहेस तिची. मीही तुझ्या जागी हेच केलं असतं." मग जरा थांबून, "केलं असतं का, ते नाही सांगता येत. पण केलं असतं."

मला रडायला येईल असं वाटलं आणि रडले तर ढमीही सुरू होईल, म्हणून मी तिला खाली चटईवर बसवलं आणि बाबांच्या शेजारची खुर्ची ओढली. माउस उचलायला हात पुढे केला. मी केलं असतं तर काम पाच मिनिटांचं होतं.

हात तिथेच थांबला. पेज भरवताना मी हेच केलं होतं. लंगोट बघते म्हणून हेच. बाबांनी माझ्या हातातून कधी माउस काढून घेतला नव्हता. हातावर हात ठेवला होता.

मी खिडकी बंद केली, काही न साठवता.

"अगं, काय करतेस?"

"थांबा." मी काळा पडदा उघडला आणि तिथला जुना, अक्षरांचा मेनू बोलावला. बाबांना तो कधीच आवडत नसे. काळोख्या खोलीत कपाट लावणं म्हणत.

"हे बाईंचं आहे," बाबा म्हणाले. "त्या यातच काम करतात. मला सवय नाही."

"बाणाच्या कळा दाबत आवाजाच्या ओळीवर जा."

"दोनदा दाबली जाईल."

"जाऊ दे. पुढे गेलात तर मागे या. नुसतं फिरल्याने काही बदलत नाही इथे."

ते गेले. एक ओळ पुढे गेले, परत आले, पुन्हा पुढे गेले, परत आले. ढमी चटईवरून हा सगळा कारभार बघत होती, एक पाय तोंडात.

"आता 'वाय' दाबा. 'हो'चा."

बाबांनी बोट टेकवलं. कळ खडखडली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदाही असेल. ओळीआधी एक चांदणी उमटली. तशीच राहिली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा दाबली, या वेळी मुद्दाम, चांगली चार-पाच वेळा. चांदणी ढिम्म हलेना.

"इथे 'हो' कितीही वेळा म्हटलं तरी ते 'हो'च राहतं," मी म्हटलं. "तुमच्या खिडकीत दुसरी टिचकी पहिलीला खोडते. इथे नाही."

"हे मला माहीत होतं बरं का."

"हो का?"

"माहीत होतं. आवडत नव्हतं." ते खुर्चीत मागे टेकले. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर मिशीखालचं ते हसू आलं. "खिडकी लिहिताना माझ्या डोक्यातही आलं नाही, की कुणाचा हात असा असेल. सगळ्यांचे हात आपल्यासारखेच धरून चाललो होतो."

बाकीचं सगळं त्यांनीच केलं. पाटीची ओळ पाहिली, छपाईची पाहिली, बाहेर पडताना साठवायचं का या प्रश्नाला ठासून 'हो' म्हटलं. मग संगणक नवा कर्नल घडवायला बसला. पडद्यावरून ओळी सरसर वर जायला लागल्या. याला वेळ लागतो, आणि त्या वेळात माणसाने काही करायचं नसतं.

"जुना पुसलात का?" मी विचारलं.

"जुना कधी पुसतात का? नवा शेजारी ठेवायचा. नवा नीट चालतोय याची खात्री होईपर्यंत जुना तिथेच. बिघडलं तर त्याच्यावर परत यायचं." ते बोलता बोलता थांबले. "पाळणाघराची ती जागा सोडू नकोस, मने."

"बाबा."

"मी रागाने नाही म्हणत. जागा राहू दे."

मी चहा केला. कपाटात एक मोठा मग होता, कुणीतरी भेट दिलेला, पेन ठेवायला वापरत होतो. तो धुतला आणि त्यात पूर्ण कपभर चहा ओतला. तरी तो मोठा मग अर्ध्यापर्यंतच भरला. बाबांनी आत डोकावून पाहिलं आणि कडेपर्यंत लाटा उसळत असतानाही एक थेंब न सांडता प्यायले.

"आता विचार," ते म्हणाले.

"काय?"

"खिडकीत विचारतात तसं. एकेक ओळ. तुझ्या डोक्यात सगळी यादी असणारच."

होतीच. मी ढमीला मांडीवर घेतलं. घसा उगाचच साफ केला.

"अंघोळ?"

"नको. ओलं पोर आणि हा हात, अजिबात नको."

"गॅसजवळ उभं राहून दूध गरम करणं?"

"नको. तू थर्मासमध्ये ठेवून जा."

"दूध पाजणं?"

"हो. खाली बसून, भिंतीला टेकून. बाटली दोन कानांची आण, धरायला."

"झोपवणं?"

"हो."

"जिन्यावरून खाली बागेत नेणं?"

"नको." हे जरा वेळाने आलं. रोज संध्याकाळी तिला बागेत न्यायचं त्यांनी ती पोटात असल्यापासून ठरवलं होतं. "तू आल्यावर आपण तिघं जाऊ."

"पेज?"

"लागेल तेव्हा. चमचा वाजेल, पण तिला वाजलेला आवडतो. तुलाच आवडत नाही."

म्हणजे तेही त्यांनी पाहिलं होतं. बघण्याची खोड मला कुणाकडून आली, हे मला इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं.

शेवटची ओळ राहिली होती. मला ती विचारवेना.

"कडेवर घेणं," बाबांनीच विचारली. आणि उत्तर दिलं नाही. माझ्यावर सोडलं.

खोलीत संगणकाच्या पंख्याचा घरघराट होता. ढमी माझ्या बोटाला चावत होती. मला चमचा आठवला, वाटीचा काठ आठवला, जिन्याच्या पायऱ्या आठवल्या. मला 'नको' म्हणायचं होतं. आणि 'हो'ही म्हणायचं होतं.

"लागेल तेव्हा," मी म्हटलं. "मी घरात असताना. आणि बसून हवी तेवढी, मी नसतानाही."

बाबांनी मान हलवली. मग खुर्चीवरून उतरून चटईवर बसले, पाठ भिंतीला, पाय लांब. मी दोन्ही बाजूंना उशा लावल्या. जरा जास्तच लावल्या. "किल्ला बांधतेस का?" ते म्हणाले. मी ढमीला त्यांच्या मांडीवर ठेवलं, आणि माझे हात उगाच तिथेच राहिले, मग काढून घेतले.

ढमीने त्यांच्याकडे खालून पाहिलं, चष्म्याला हात घातला, जांभई दिली. बाबा तिच्या पाठीवर थोपटायला लागले. एक थाप पडली की तिच्या मागोमाग दुसरी, हलकी, न मारलेली.

"बघ," ते कुजबुजले. "एक मारली की दुसरी फुकट. दोघांचं काम एकटा करतो मी."

ती झोपली. कर्नल तयार झाला तेव्हा तो सुरू करून बघायला मीच उठले, बाबांना हलता येईना. पेटीतून एक सपाट, घोगरा आवाज आला आणि त्याने पहिलीच ओळ वाचली. बाबांनी बाईंना फोन लावायला सांगितला. मी तो आधी बाबांपुढे धरला, खिडकीतल्या चुकलेल्या टिचकीचं त्यांनी कुजबुजत सांगून टाकलं, मग पेटीजवळ धरला.

पलीकडून बाई म्हणाल्या, "आवाज अजून तसाच रडका आहे. म्हणजे तोच. आभारी आहे, काका. आणि तुमच्या पोरीला सांगा, तुमची ती खिडकी आता अडगळीत टाक म्हणावं."

"नाही टाकणार," बाबा दबक्या आवाजात म्हणाले. "त्यात माझी पोर वाचायला शिकलीय."

सोमवारी मी निघाले. पाळणाघराच्या ताईंना सांगितलं, जागा महिनाभर तरी माझ्या नावावर राहू द्या, आणि दुपारनंतरचे काही तास ढमी तुमच्याकडे, नवरा जेवायला घरी आला की आणून सोडेल. सकाळ बाबांची. थर्मास, दोन कानांची बाटली, उशा, फोन बाबांच्या डाव्या हाताशी. सगळं दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा बघायला वळले तेव्हा बाबा म्हणाले, "मने, जा."

दार ओढून घेतलं आणि जिन्यात उभी राहिले. ढमी रडत होती. मी चपलेचा पट्टा सोडला, परत लावला. आत बाबा काही बोलत नव्हते. नुसतं थोपटणं ऐकू येत होतं, एक थाप आणि तिच्या मागोमाग दुसरी. रडणं थोडं उतरलं. थापांमधलं अंतर वाढत गेलं. मग रडणं ऐकू येईना, थापा मात्र येत होत्या.

मी खाली उतरले. खालच्या वळणावर एकदा थांबले, कान दिला. मग पुढे निघाले.